समुद्रतळींचा धूर व त्यांतील कण

आमच्या लहानपणीं गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिकच्या प्रत्येक वाड्यांत दोन चौकशा हटकून होत. पहिली, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढलें. आणि दुसरी, पिण्याच्या हंड्यांत निवळी फिरविली कीं नाहीं. पहिली चौकशी आजही चालू आहे. दुसरी मात्र नळाच्या कृपेनें बंद पडली. माझी आई निवळीचें बीं खडबडीत सहाणेवर उगाळी, तें गंध गढूळ पाण्यांत मिसळी व हंडा झांकून ठेवी. सकाळीं वरचें पाणी कांचेसारखें स्वच्छ झालेलें असे आणि तळाशीं बोटभर गाळ बसलेला असे. संस्कृतांत या झाडाला कतक म्हणतात, हें पुढें पाठशाळेंत कळलें. परंतु गाळाचा सूक्ष्म कण एकटा असतांना खालीं बसत नाहीं, त्याला दुसऱ्या कणांशीं जोडणारें कोणी भेटलें म्हणजेच बसतो, एवढें रसायनशास्त्र आम्हीं माजघरांतच शिकलों.

या हंड्याची आठवण यंदां पुन्हां झाली ती आमच्या नातीमुळें. माझ्या थोरल्या बंधूंची ही नात गोव्यास भूगर्भशास्त्राचा अभ्यास करते. दिवाळीच्या सुटींत ती घरीं आली व फराळाच्या वेळीं तिनें सर्वांसमोर सांगून टाकलें कीं, संशोधनाच्या जहाजावरून सुमारें चाळीस दिवस हिंदी महासागरांत जाण्याची तिला संधि मिळण्याचा संभव आहे. "आणि तेथें तुझें काम काय?" असें तिच्या आजीनें विचारलें. नात म्हणाली, "आजी, समुद्राच्या तळाशीं जो धूर निघतो, त्यांतले कण गाळून घ्यायचे." आमच्या वहिनींनीं लाडवाचें ताट खालीं ठेवलें व म्हणाल्या, "पाण्याखालीं धूर? आणि तो गाळायला चाळीस दिवस?"

घरांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंशावारी नेण्याजोगा नव्हता. मुलीच्या जातीनें इतक्या दूर जावें का, हा एक प्रश्न; आणि ज्या कामासाठीं जावयाचें तें काम त्या श्रमांच्या तोलाचें आहे का, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे असें मला वाटलें. म्हणून पुढच्या तीन रात्रीं ओसरीवर बसून मीं तिच्याकडून तो विषय समजून घेतला व मागाहून मिळालें तें वाचून पडताळून पाहिलें. तोच विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

पाण्याखालीं धूर कसा?

पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. तें मोठमोठ्या फळ्यांचें बनलेलें आहे, व या फळ्या महासागरांच्या मध्यभागीं एकमेकींपासून सावकाश दूर सरकत असतात. जेथें त्या दूर होतात तेथें खालचा तप्त रस वर येऊन थिजतो व समुद्राच्या तळाशीं डोंगरांची लांबच लांब रांग तयार होते. या रांगेच्या भेगांतून समुद्राचें थंड पाणी खालीं झिरपतें. खालीं जातां जातां तें तापतें, खडकांतून लोह, तांबें, जस्त, मँगनीज असे धातु विरघळवून घेतें, गंधकाच्या वायूनें भारतें व आम्ल होऊन पुन्हां वर उसळतें. तळाजवळ येतांना त्याची उष्णता साडेतीनशें अंशांच्याही वर असूं शकते. चुलीवरचें पाणी शंभर अंशांवर उकळतें. मग हें कां उकळत नाहीं? कारण त्याच्यावर दोन-तीन किलोमीटर उंचीच्या पाण्याचा भार असतो. त्या दाबाखालीं पाण्याला वाफ होण्यास जागाच मिळत नाहीं.

असें तप्त, आम्ल, धातूंनीं भरलेलें पाणी जेव्हां दोन अंशांच्या थंड पाण्यांत शिरतें, तेव्हां क्षणार्धांत त्यांतले धातु गंधकाशीं संयोग पावून अतिसूक्ष्म काळ्या कणांच्या रूपानें बाहेर पडतात. तो काळा लोट पाहणाराला धुरासारखा भासतो. खरें पाहतां तेथें जळत कांहींच नाहीं. तो धूर म्हणजे धातूंचा गाळ आहे. फरक इतकाच कीं, गोदावरीचा गाळ सह्याद्रीवरून वाहत येतो आणि हा गाळ त्याच जागीं, त्याच क्षणीं जन्म घेतो. त्यांतला कांहीं भाग तोंडाशींच सांचून दगडी नळ्या उभ्या राहतात. शास्त्रज्ञांनीं त्यांना काळीं धुराडीं असें नांव दिलें आहे.

पाण्यांत अग्नि, ही कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. और्व ऋषीचा क्रोधाग्नि समुद्रांत सोडला गेला व तो वडवेच्या, म्हणजे घोडीच्या, मुखाचें रूप घेऊन पाणी पीत राहिला, अशी कथा महाभारताच्या आदिपर्वांत आहे. परंतु एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस हीं धुराडीं ठाऊक होतीं असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाहीं. कथा ती कथा व मापन तें मापन. कथेचा वडवानल पाणी पिऊन टाकतो. प्रत्यक्षांतला हा अग्नि पाणी घेतो आणि तें धातूंनीं भरून परत करतो.

एक कबुली

येथें मला स्वतःविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मी संस्कृतचा शिक्षक. परंतु शाळेंत माणसांची वाण असल्यामुळें कांहीं वर्षें भूगोलही मजकडे होता. १९८५ च्या सुमारास एकदां वर्गांत समुद्राच्या खोलीविषयीं शिकवितांना एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, अगदीं तळाशीं अंधारांत प्राण्यांच्या वसाहती असतील का?" मीं त्याला दरडावून सांगितलें कीं, जेथें सूर्याचा किरण नाहीं तेथें वनस्पति नाहीं, व वनस्पति नाहीं तेथें प्राण्यांची दाट वस्ती असणें शक्य नाहीं, भलते प्रश्न विचारूं नयेत. तो मुलगा मुकाट्यानें खालीं बसला.

आतां कळतें कीं, मी असें ठासून सांगत होतों त्याच्या आधीं आठ वर्षें, फेब्रुवारी १९७७ मध्यें, प्रशांत महासागरांत गालापागोस बेटांजवळ सुमारें अडीच किलोमीटर खोलीवर 'अल्विन' नांवाच्या लहानशा पाणबुडीनें असे उष्ण झरे पाहिले होते, आणि त्यांच्याभोंवतीं शिंपले, खेंकडे व लांबलचक नळकृमि यांची गर्दी होती! त्या प्राण्यांचें अन्न सूर्यापासून येत नाहीं. झऱ्यांतील गंधकवायूपासून शक्ति मिळविणारे जंतु तेथें वनस्पतींचें काम करतात. पुढें १९७९ मध्यें मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर त्याच पाणबुडीला खरींखुरीं काळीं धुराडीं आढळलीं. पहिल्या वेळीं उष्णता मोजण्याची कांडी आंत घातली तर तिचें टोंकच वितळून गेलें, कारण इतकें तप्त पाणी असेल अशी कोणासच कल्पना नव्हती. मोठमोठ्या पंडितांच्या कांड्या जेथें वितळल्या तेथें माझ्यासारख्याची काय कथा? परंतु मला ठाऊक नाहीं असें म्हणण्याऐवजीं नाहीं असें म्हटलें, हा दोष माझाच. तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला माहीत नाहीं.

कणाचा प्रवास

धुराड्याच्या तोंडाशीं जन्मलेल्या कणाचें पुढें काय होतें, हाच आमच्या नातीच्या अभ्यासाचा विषय. तप्त पाणी हलकें असल्यामुळें भोंवतालच्या थंड पाण्यांतून वेगानें वर चढतें. वर जातां जातां तें आसपासचें पाणी ओढून घेतें व पातळ होत जातें. साधारणपणें शंभर ते तीनशें मीटर चढेपर्यंत त्यांत भोंवतालचें सुमारें दहा हजारपट पाणी मिसळलेलें असतें, आणि मग त्याचें वजन सभोंवारच्या पाण्याइतकेंच होतें. तेथें तें थबकतें व वाऱ्याविण दिवशीं गांवावर स्वयंपाकाच्या चुलींचा धूर जसा आडवा पसरतो तसें प्रवाहाबरोबर आडवें पसरूं लागतें. या आडव्या पट्ट्यांत कण दिवसेंदिवस, महिनोंमहिने तरंगत असतात.

परंतु सर्व कण सारखे नसतात. जे मोठे व जड, ते लोहगंधकाचे व तांब्या-जस्ताचे कण, ते धुराड्याच्या आसपासच खालीं पडतात. पाण्यांत जें लोह विरघळलेलेंच राहिलें, त्याला मात्र वाटेंत प्राणवायु भेटतो. ज्यांच्या घरीं बोअरचें पाणी आहे त्यांना हा प्रकार सांगावयास नको. कित्येक ठिकाणीं पाणी उपसतांना स्वच्छ दिसतें, पण बादलींत तासभर राहिलें कीं तांबूस होऊं लागतें व तळाशीं गंजाचा थर बसतो. अगदीं हेंच समुद्राच्या तळाशीं घडतें. कांहीं मिनिटांपासून कांहीं तासांपर्यंतच्या अवधींत विरघळलेल्या लोहाचे गंजासारखे तांबूस कण होतात. मँगनीजला याहून पुष्कळ अधिक काळ लागतो व त्या कामीं जंतूंचें साहाय्य होतें.

आतां या गंजाच्या कणांची मौज पाहा. ते जन्मतांच भोंवतालच्या पाण्यांतील स्फुरद, सोमल, व्हॅनेडियम असे पदार्थ स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतात व त्यांना घेऊन सावकाश तळीं बसतात. म्हणजे निवळीनें हंड्यांत करावें तेंच काम हे कण महासागरांत करीत असतात! मीं हें ऐकल्यावर आईच्या हंड्याची गोष्ट नातीला सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, आमच्या गुरूंनीं हेंच समजावण्याला दोन तास घेतले." साऱ्या महासागरांचें पाणी कांहीं हजार वर्षांच्या अवधींत एकदां तरी अशा धुरांतून जात असावें, असा शास्त्रज्ञांचा अजमास आहे. तेव्हां समुद्राच्या पाण्यांत कोणता पदार्थ किती उरावा, हें ठरविण्यांत या कणांचाही हात आहे.

याची दुसरी बाजूही आहे. सगळेंच लोह तळाशीं बसत नाहीं. कांहीं लोह सेंद्रिय द्रव्यांच्या आधारानें, तर कांहीं अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें दूरवर जातें. प्रशांत महासागराच्या दक्षिण भागांत अशा झऱ्यांतील लोहाचा माग चार हजार किलोमीटरपर्यंत लागला, असें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. समुद्राच्या पृष्ठावरील सूक्ष्म वनस्पतींना लोह हें अन्नांतील मिठाप्रमाणें थोडें पण अवश्य लागतें, आणि कित्येक समुद्रांत त्याचीच टंचाई असते. या वनस्पति हवेंतील कर्बवायु शोषून घेतात. सारांश, अंधाऱ्या तळाशीं निघालेल्या कणाचा संबंध शेवटीं आपण घेत असलेल्या श्वासाशीं येऊन पोहोंचतो.

धूर गाळावयाचा कसा?

तीन-चार किलोमीटर पाण्याखालचा धूर जहाजावरून दिसत नाहीं. मग तो शोधावा कसा? न्याय-वैशेषिक शिकलेल्यांस त्रसरेणु हा शब्द आठवेल. झरोक्यांतून ऊन आंत आलें म्हणजे कवडशांत जे धूलिकण नाचतांना दिसतात, त्यांतील एक कण म्हणजे त्रसरेणु. एरवीं खोलींत ते असतातच, पण प्रकाशाची तिरीप पडल्याविण डोळ्यांस दिसत नाहींत. समुद्रांतील धूर शोधण्याचें यंत्र नेमकें याच तत्त्वावर चालतें. त्यांतून पाण्यांत प्रकाशाचा झोत सोडतात व कणांवर आपटून किती प्रकाश परत फिरला तें मोजतात. जेथें प्रकाश अधिक परततो तेथें पाणी गढूळ आहे असें समजावें.

हें यंत्र, पाण्याची उष्णता, क्षारता व खोली मोजणारी साधनें, आणि त्यांच्याभोंवतीं वर्तुळाकार लावलेल्या पुष्कळशा मोठ्या बाटल्या, असा सगळा संच लोखंडी दोरानें समुद्रांत सोडतात. जहाज सावकाश पुढें चाललेलें असतें आणि संच विहिरींतल्या पोहऱ्याप्रमाणें वर-खालीं केला जातो. त्यामुळें पाण्याचा जणूं उभा छेदच मिळतो. ज्या खोलीवर गढूळपणा एकाएकीं वाढलेला दिसेल त्या खोलीवर जहाजावरून खूण करतांच बाटलीचीं दोन्ही तोंडें बंद होतात. वर आल्यावर तें पाणी अत्यंत बारीक छिद्रांच्या पातळ पडद्यांतून गाळतात. हीं छिद्रें किती बारीक म्हणाल, तर आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान. पडद्यावर जें राहतें तें डोळ्यांस पुष्कळदां दिसतही नाहीं. तें वाळवून, तोलून, विजेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, व कोणत्या कणांत कोणता धातु किती आहे याचा हिशेब मांडतात. या कामांत बोटाचा नुसता स्पर्श, जहाजाच्या गंजाचा एक कण किंवा हवेंतली धूळ पडली तरी सगळा नमुना वायां जातो. हें ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सोंवळें म्हणा कीं!" नात हंसून म्हणाली, "होय आजी, तुमच्यापेक्षांही कडक."

आपल्या दारांतला डोंगर

वाचकांस वाटेल कीं, हीं सगळीं परदेशांतलीं कौतुकें. तसें नाहीं. आपल्या कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यासमोर, अरबी समुद्राच्या खोल भागांत, अशीच एक डोंगराची रांग आहे. तिचें नांव कार्ल्सबर्ग. १९२८ ते १९३० या काळांत 'डाना' या डॅनिश जहाजाच्या सफरींत ती लक्षांत आली, व सफरीला द्रव्य पुरविणाऱ्या कार्ल्सबर्ग निधीवरून तिला हें नांव मिळालें. हा निधि डेन्मार्कांतल्या एका मद्यनिर्मात्यानें स्थापन केलेला. मद्याच्या पैशाचा असा सदुपयोग विरळाच! ही रांग वर्षास दोन-तीन सेंटिमीटर इतक्या मंद गतीनें उलगडते. आपलीं नखेंही याहून जलद वाढतात.

या रांगेवर जुलै २००३ मध्यें 'चार्ल्स डार्विन' या ब्रिटिश जहाजाला सत्तर किलोमीटरहून अधिक लांबीचा एक प्रचंड धूर आढळला. पुढें गोव्यांतील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००७ व २००९ मध्यें तेथें जाऊन शोध घेतला. त्यांस विषुववृत्ताच्या थोडें उत्तरेस, गोव्यापासून अदमासें सतराशें किलोमीटरवर, धुराच्या नव्या खुणा मिळाल्या. ही संस्था १९६६ मध्यें स्थापन झाली. तिच्या जुन्या जहाजाचें नांव 'गवेषणी' होतें. गवेषणा म्हणजे मूळ अर्थीं हरवलेल्या गाईचा शोध. त्यावरून कोणताही कसून केलेला शोध. संशोधनाच्या जहाजास याहून समर्पक नांव मला तरी सुचलें नसतें.

याहून दक्षिणेस, मध्य हिंदी महासागराच्या रांगेवर, जपानी शास्त्रज्ञांनीं २००० मध्यें 'कैरेई' नांवाचें धुराड्यांचें क्षेत्र प्रत्यक्ष पाहिलें होतें. आपल्या देशाच्या वांट्यासही तो योग आला. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनीं मिळून स्वयंचलित पाणबुडीच्या साहाय्यानें सुमारें साडेचार हजार मीटर खोलीवरील एका जिवंत झऱ्याचें छायाचित्र घेतलें. तें डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें. अशा झऱ्याचा शोध प्रथम धुरावरूनच लागतो. धूर दिसला कीं अग्नि आहे असें समजावें, हें अनुमानाचें उदाहरण आम्हीं तर्कसंग्रहांत घोकलेलें. पर्वताऐवजीं समुद्र घातला कीं झालें.

नाशिकच्या दगडाचें नातें

आमच्या नाशिकचा व या रांगेचा संबंध तर याहून जुना आहे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेला तप्त रस. त्याच सुमारास सेशेल्स बेटें आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून होतीं. पुढें मधली भूमि फाटली, तेथें कार्ल्सबर्गची रांग उघडली, आणि सेशेल्स व हिंदुस्थान एकमेकांपासून दूर गेले. एका वाड्याच्या वांटण्या व्हाव्यात आणि मध्यें उभारलेली भिंत मात्र कायम राहावी, तशी ही रांग आज दोहोंच्या मध्यें उभी आहे.

आणखी एक नातें आहे. पांडवलेण्यांच्या आसपासच्या खाणींत दगड फोडला म्हणजे आंत पोकळी निघून तींत पांढरे, कधीं हिरवट स्फटिक चमकतांना दिसतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशीं त्यांचीं नांवें. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत त्यांचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात. हे स्फटिक कसे झाले? लाव्हा निवाल्यावर त्याच्या छिद्रांतून उष्ण पाणी फिरलें, त्यानें दगडांतील द्रव्यें विरघळविलीं व पोकळीच्या भिंतींवर हळूहळू आणून ठेवलीं. समुद्राच्या तळाशीं आज जें क्षणांत काळ्या धुराच्या रूपानें घडतें, त्याचेंच हें मंद, शांत, घरगुती रूप. लहानपणीं आम्ही हे स्फटिक खेळांत मांडीत होतों. त्यांना गरम पाण्यानें घडविलें आहे हें सांगणारा मात्र कोणी भेटला नाहीं.

वहिनींचा प्रश्न

तिसऱ्या रात्रीं आमच्या वहिनीही ओसरीवर येऊन बसल्या. नातीनें सांगितलें कीं, धुराड्यांभोंवतीं तांबें, जस्त, सोनें, चांदी यांचे साठे असतात. ते शोधण्यासाठीं आपल्या सरकारनें आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशीं सप्टेंबर २०१६ मध्यें मध्य व नैर्ऋत्य हिंदी महासागराच्या रांगांवरील दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रासाठीं पंधरा वर्षांचा करार केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें कार्ल्सबर्गच्या रांगेवरील तितक्याच क्षेत्रासाठीं दुसरा. हे करार खाणकामाचे नाहींत, शोधाचे आहेत. परंतु शोधामागून उद्यां खणण्याचा विचार येणार, हें उघड आहे.

वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, "तळ ढवळला तर तें पाणी पुन्हां निवळेल का ग?"

मीं आयुष्यभर प्रश्न विचारले व ऐकले. परंतु विषयाच्या मर्मावर इतकें नेमकें बोट ठेवणारा प्रश्न क्वचितच ऐकला. नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, तेंच तर मोजायचें आहे." दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशासमोर १९८९ मध्यें शास्त्रज्ञांनीं समुद्रतळाचा एक भाग मुद्दाम नांगरून पाहिला. २०१५ मध्यें, म्हणजे सव्वीस वर्षांनीं, पुन्हां पाहिलें तर नांगराचे ओरखडे जसेच्या तसे दिसत होते. आपल्या गोव्याच्या संस्थेनेंही १९९७ मध्यें मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यांत असाच एक लहान प्रयोग केला होता. त्या प्रदेशांत जमिनीवरच्यासारखे पाऊस-वारे नाहींत. तेथील काळ फार सावकाश चालतो. खणतांना जो गाळ उठेल तो धुराच्या नैसर्गिक कणांत मिसळेल. मग नैसर्गिक गढूळपणा किती व माणसानें केलेला किती, हें आधीं मोजून ठेवलें नसेल तर मागाहून सांगावें कसें? पूर येण्यापूर्वीं नदी कोठवर होती हें ठाऊक असल्याविण पूर किती चढला तें कळत नाहीं. दुतोंड्या मारुतीचा उपयोग तोच.

आणि तेथें राहणारे? कैरेईच्या क्षेत्रांत २००१ मध्यें एक गोगलगाय सांपडली. तिच्या पायावर खवले आहेत व त्या खवल्यांवर लोहगंधकाचें कवच आहे. अंगावर लोखंडाचें चिलखत घालणारा दुसरा प्राणी ज्ञात नाहीं. ती हिंदी महासागरांतील मोजक्याच झऱ्यांभोंवतीं राहते. २०१९ मध्यें तिचें नांव धोक्यांत असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादींत घातलें गेलें, आणि कारण दिलें तें समुद्रतळावरील खाणकामाच्या संभवाचें. त्या कारणानें यादींत आलेला हा पहिलाच प्राणी. आपल्याला तांबें हवें आहे, हें खरें. विजेच्या तारा, दिवे, यंत्रें यांतून आपलें घर सुटलेलें नाहीं, आणि देशाला धातु परदेशांतून आणावे लागतात हेंही खरें. म्हणून मी खणूं नका असें म्हणत नाहीं. तितका माझा अधिकार नाहीं. हंड्यांत हात घालण्यापूर्वीं तळाचा गाळ किती आहे तें पाहून घ्या, इतकेंच म्हणतों.

समुद्रयान

राहिला पहिला प्रश्न, मुलीनें जावें कीं नाहीं याचा. जुन्या ग्रंथांतील कलिवर्ज्य प्रकरणांत समुद्रयात्रेचा निर्देश आहे, व आमच्याच आजोबांच्या पिढींत परदेशीं जाऊन आलेल्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागे. आज आपल्या सरकारनें तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणाऱ्या पाणबुडीची जी योजना हातीं घेतली आहे, तिचें नांवच 'समुद्रयान' आहे, आणि पाणबुडीचें नांव 'मत्स्य ६०००'. शब्द तोच, परंतु काळानें त्याचा अर्थ निषेधांतून गौरवांत नेऊन ठेवला. नियम ज्या भयापोटीं झाले तें भय उरलें नाहीं म्हणजे नियमही आपोआप गळतात. त्यासाठीं शास्त्राशीं भांडावें लागत नाहीं.

थोरले बंधू म्हणाले, "चाळीस दिवस घरच्या अन्नाविण राहील का?" धाकट्या सूनबाई म्हणाल्या कीं, मेतकूट व भाजणी बरोबर देतां येईल. अशा रीतीनें मूळ प्रश्न केव्हां संमत झाला तें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. मोठ्या कुटुंबांत निर्णय असेच होतात. मीं मात्र तिला एकच गोष्ट सांगितली. जहाजावर कोणी लहान माणसानें वेडगळ वाटणारा प्रश्न विचारला तर त्याला दरडावूं नकोस. उत्तर ठाऊक नसेल तर नाहीं ठाऊक असें म्हण. माझ्या आयुष्यांत ती एक चूक होऊन गेली आहे, तुझ्या होऊं नये.

जहाजावर जाणाऱ्यांची यादी अद्याप लागावयाची आहे. तिचें नांव यादींत येईल अथवा न येईल. परंतु सुटी संपून ती गोव्यास परत निघाली त्या दिवशीं वहिनींनीं जुन्या डब्यांतून निवळीचीं चार बिया शोधून काढल्या आणि तिच्या हातीं ठेवल्या. त्या आतां उगवावयाच्याही नाहींत आणि जहाजावर त्यांचा उपयोगही नाहीं. नातीनें त्या नमस्कार करून पिशवींत घातल्या. गाळ व पाणी यांचा विचार आमच्या घरांत पुष्कळ पिढ्यांपासून चालत आला आहे. तो तिच्या हातून आणखी चार किलोमीटर खोल जाणार असेल, तर त्यांत आम्हां म्हाताऱ्यांस आनंदच आहे.